सरळ रस्ता आणि गोल रस्ता

आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. आमच्या पाचवीच्या वर्गात घातलं होतं, तेच तुम्हांलाही घालते.

“असं सोनं कोणतं, जे खाणीतून काढलं नाही, नदीच्या वाळूत सापडलं नाही, सराफाच्या दुकानातही नव्हतं, पण साऱ्या भारताने ते डोळे भरून पाहिलं?”

वर्गात नुसता गलका उडाला. कुणी म्हणालं, “आपट्याची पानं!” कुणी म्हणालं, “जेजुरीचा भंडारा!” एकाने तर “पिकलेला गहू” असं अगदी कवीसारखं उत्तर दिलं. मी आपली नकारार्थी मान हलवत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, भंगारातलं असेल.”

सगळा वर्ग फिस्सकन हसला. ती बिचारी एवढीशी होऊन खाली बसली. आणि गंमत पाहा, तिचंच उत्तर बरोबर होतं!

पदकातला मोबाइल

७ ऑगस्ट २०२१. टोकियोचं ऑलिंपिक चाललेलं. (खरं तर ते २०२० सालचं, पण करोनामुळे वर्षभर लांबलं.) नीरज चोप्राने भाला फेकला तो थेट ८७.५८ मीटरवर! ॲथलेटिक्समध्ये भारताला मिळालेलं ते पहिलं सुवर्णपदक. राष्ट्रगीत वाजलं, नीरजच्या गळ्यात पदक झळकलं आणि तुमच्या आईबाबांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं असेल.

ते पदक बनलं होतं लोकांनी टाकून दिलेल्या वस्तूंपासून! जपानी लोकांनी ठरवलं, की या ऑलिंपिकच्या सगळ्या पदकांचा धातू जुन्या मोबाइलमधून, कॅमेऱ्यांमधून, लॅपटॉपमधून काढायचा. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ अशी दोन वर्षं मोहीम चालली. दुकानांत, टपाल कचेऱ्यांत पेट्या ठेवल्या. गावोगावच्या नगरपालिका कामाला लागल्या. बघता बघता सुमारे ७९ हजार टन जुनी उपकरणं जमली. त्यांत नुसते मोबाइलच ६२ लाखांवर होते. त्या ढिगातून ३२ किलो सोनं, ३,५०० किलो चांदी आणि कांस्यपदकांसाठी २,२०० किलो धातू निघाला. त्यातून सुमारे ५,००० पदकं घडली. (सुवर्णपदक आतून चांदीचंच असतं बरं का! वर सोन्याचा मुलामा.)

“पण बाई, मोबाइलमध्ये सोनं कशाला घालतात?” एकाने विचारलंच. सोनं गंजत नाही आणि वीज छान वाहून नेतं. म्हणून मोबाइलच्या आतल्या बारीक जोडण्यांवर त्याचा पातळ थर देतात. एका मोबाइलमध्ये ते अगदी चिमटीतही न येणारं. पण लाखो मोबाइल एकत्र आले की पदकं होतात! कर्नाटकातल्या हट्टीसारख्या सोन्याच्या खाणीत टनभर खडक फोडला, तर सोनं निघतं फक्त काही ग्रॅम. तेवढ्याच वजनाच्या जुन्या मोबाइलमध्ये त्याच्या कित्येक पट सोनं असतं. आता सांगा, खरी खाण कोणती?

सरळ रस्ता

त्याच दिवशी मी वर्गात दुसरं गणित घातलं. “तुमचं बॉलपेन संपलं की काय करता?”

“टाकून देतो!” एका सुरात उत्तर.

“महिन्याला किती पेनं संपतात, हरवतात, मोडतात?”

बरीच घासाघीस होऊन दर मुलामागे दोन असा हिशेब ठरला. वर्गात मुलं ४२. शाळेचे महिने धरले दहा. ४२ गुणिले २ गुणिले १०. फळ्यावर उत्तर आलं ८४०! एका वर्गाची, एका वर्षाची ८४० पेनं. मुलं गप्पच झाली. शाळेत असे सात वर्ग. गावात किती शाळा, तालुक्यात किती, ते तुम्हीच मोजा.

पेनचा रस्ता कसा आहे पाहा. जमिनीच्या पोटातून खनिज तेल काढलं. त्याचं प्लास्टिक बनवलं. प्लास्टिकचं पेन झालं. आपण ते पंधरा दिवस वापरलं आणि टाकून दिलं. पुढे ते कचरा डेपोत जाऊन पडलं, आणि तिथे कित्येक वर्षं तसंच राहणार. काढा, बनवा, वापरा, फेका! हा झाला सरळ रस्ता. एका टोकाला खाण, दुसऱ्या टोकाला उकिरडा. खाण रिकामी होत जाते आणि उकिरडा उंच होत जातो. दोन्ही टोकांना नुकसान आपलंच.

मग दुसरा रस्ता आहे का? आहे ना! आणि तो तुमच्या आजीला चांगला ठाऊक आहे.

आजीचा गोल रस्ता

माझ्या आजीचं लुगडं नऊवारी. ते विरलं, की आजी त्याचा चांगला भाग कापून परकराला अस्तर लावायची. उरलेल्यातून बाळाची दुपटी. मग अशी पाच-सहा जुनी लुगडी थरावर थर घालून ती गोधडी शिवायची. ती गोधडी दहा हिवाळे आम्हां भावंडांना ऊब द्यायची. गोधडी फाटली की तिचं पायपुसणं. आणि पायपुसण्याच्याही चिंध्या झाल्या, की त्यांचा बोळा चूल पेटवायला. चुलीतली राख भांडी घासायला आणि उरलेली परसातल्या अळूला! एक लुगडं, पण त्याचे जन्म किती झाले, मोजा बरं.

शेतातही तेच. ज्वारीचे दाणे आपल्याला, कडबा बैलाला, बैलाचं शेण पुन्हा शेताला. पुढच्या वर्षी पुन्हा ज्वारी. झाडाखाली पडलेलं पान पाहा. त्याला कुणी उचलून डेपोत नेत नाही. ते तिथेच कुजतं, माती होतं आणि पुढच्या वर्षी नवं पान होऊन वर येतं. जंगलात कचराकुंडी कुठे दिसते का? निसर्गाच्या घरी ‘कचरा’ असा शब्दच नाही.

मी लहान असताना आमच्या आळीत दर आठवड्याला कुणी ना कुणी यायचं. “कल्हईऽऽवाला!” अशी हाळी आली की आम्ही पोरं धावत सुटायचो. बोहारीण यायची. जुने कपडे घेऊन स्टीलचं पातेलं द्यायची. आईची आणि तिची घासाघीस तासभर चालायची. “एक पँट आणखी टाका ताई, मग डबा देते!” ते जुने कपडे ती धुऊन, शिवून, बाजारात पुन्हा विकायची. अगदीच फाटके असले तर त्यांच्या चिंध्या गॅरेजमध्ये तेल पुसायला जायच्या. जूनमध्ये आई मागच्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं काढायची आणि दाभण-दोऱ्याने शिवून आमच्या कच्च्या वह्या करायची.

त्या वेळी याला कुणी मोठं नाव दिलं नव्हतं. आता जगभरातले शास्त्रज्ञ आणि अर्थतज्ज्ञ याला ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ म्हणतात. शब्द अवघड आहे, अर्थ सोपा आहे. वस्तू बनवतानाच असा विचार करायचा, की ती खूप दिवस टिकेल, बिघडली तर दुरुस्त होईल आणि शेवटी तिच्यातला माल पुन्हा कामाला येईल. म्हणजे सरळ रस्त्याची दोन टोकं धरायची आणि जोडून गोल करायचा!

उसाच्या कांड्यातलं चक्र

“पण बाई, हे घरापुरतं ठीक आहे. कारखान्यात कसं जमणार?” तुम्ही विचाराल. तर चला साखर कारखान्यात! आपल्या महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्यांची सुरुवात १९५० साली अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरानगरला झाली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी त्यासाठी खस्ता खाल्ल्या. आता गळीत हंगामात गावोगावची धुराडी पेटलेली दिसतात.

शंभर किलो ऊस गाळला, तर साखर निघते साधारण दहा-अकरा किलो. मग बाकीचं काय होतं?

रस काढून उरलेली चिपाडं असतात पंचवीस-तीस किलो. कारखान्यात त्यांना बगॅस म्हणतात. ती बॉयलरमध्ये जाळतात, त्यावर वाफ होते, वाफेवर वीज बनते. त्या विजेवर कारखाना चालतो आणि काही कारखाने तर उरलेली वीज विकतात. काही बगॅसपासून कागदही बनतो. साखर काढून घेतल्यावर जो काळा, चिकट पाक राहतो, ती मळी. मळीपासून इथेनॉल बनतं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतात. रस गाळताना खाली बसलेला गाळ म्हणजे प्रेसमड. त्याचं खत होतं आणि ते जातं पुन्हा उसाच्या शेतात! उसाच्या कांड्यातलं जवळजवळ काहीच वाया जात नाही.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा हं. हेच चक्र एका जागी जरी तुटलं, एखाद्या कारखान्याने आपलं घाण पाणी शुद्ध न करता ओढ्यात सोडलं, तर मासे मरतात, विहिरी नासतात. आणि उसाला पाणी फार लागतं, ते काही या चक्राने कमी होत नाही. म्हणजे नुसतं ‘गोल रस्ता’ म्हणून भागत नाही. तो कुठे फुटलाय का, हे पाहावं लागतं.

पाण्यातला खडा

तळ्यात खडा टाकला की वर्तुळं उठतात. पहिलं वर्तुळ छोटं पण ठसठशीत असतं. दुसरं जरा मोठं, तिसरं त्याहून मोठं, आणि शेवटचं इतकं पुसट, की दिसतही नाही. गोल रस्त्याचंही तसंच आहे. छोटं वर्तुळ सगळ्यांत चांगलं!

पहिलं वर्तुळ घरातलं. आहे ती वस्तू नीट सांभाळून जास्त दिवस वापरायची. दप्तर दोन वर्षं टिकलं, तर एक दप्तर बनायचंच वाचलं.

दुसरं वर्तुळ दुरुस्तीचं. चप्पल तुटली तर चौकातल्या चांभारकाकांकडे, सायकल पंक्चर झाली तर सायकलवाल्याकडे. थोड्या पैशांत काम होतं आणि त्या माणसाच्या घरची चूलही पेटते.

तिसरं वर्तुळ शेजाऱ्यापाजाऱ्यांचं. ताईचा गणवेश धाकटीला, दादाची पुस्तकं मावसभावाला. गोटी सोडा प्यायलात कधी? ती जाड काचेची बाटली आपण घरी नेत नाही. दुकानदार परत घेतो, ती धुतली जाते आणि पुन्हा भरली जाते.

चौथं वर्तुळ सर्वांत मोठं. वस्तू मोडून, वितळवून तिचा पुन्हा कच्चा माल करायचा. त्याला पुनर्चक्रीकरण म्हणतात. पुष्कळांना वाटतं, गोल रस्ता म्हणजे एवढंच. पण काच वितळवायला भट्टी सुमारे १५०० अंश सेल्सियसपर्यंत तापवावी लागते! त्यापेक्षा बाटली धुऊन वापरणं किती स्वस्त.

अर्थात, पहिली तीन वर्तुळं संपली की चौथं हवंच. कोल्हापूरच्या डोंगरपठारांवर बॉक्साइट नावाचं खनिज सापडतं. त्यापासून ॲल्युमिनिअम बनतं. पण बॉक्साइटपासून नवं ॲल्युमिनिअम बनवायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्यातली तब्बल ९५ टक्के ऊर्जा जुनं ॲल्युमिनिअम वितळवून वापरलं तर वाचते! हरियाणातल्या पानिपतचं नाव तुम्ही इतिहासात वाचलंय. त्याच पानिपतला आज देशोदेशींचे जुने लोकरी कपडे येतात, त्यांचं पुन्हा सूत होतं आणि त्या सुताच्या उबदार चादरी-ब्लँकेटं होतात.

सगळ्याच वस्तू मात्र अशा शहाण्या नसतात. काच आणि धातू पुन्हा पुन्हा वितळवता येतात. कागदाचे धागे दर वेळी तुटून आखूड होतात, म्हणून तो साधारण पाच ते सात वेळाच पुन्हा बनतो. प्लास्टिकचा कस तर दर वेळी उतरत जातो. आणि तुमच्या आवडत्या वेफर्सचं चकचकीत पाकीट? त्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनिअमचे पातळ थर एकमेकांना घट्ट चिकटवलेले असतात. ते वेगळे करणं फार कठीण. म्हणून भंगारवालासुद्धा ते घेत नाही. अशा वस्तूंचा रस्ता गोल होतच नाही. मग अशा वस्तू घरात कमी आणायच्या, एवढंच आपल्या हातात आहे.

रस्ता तुटतो कुठे?

आता मी तुम्हांला त्या मागच्या बाकावरच्या मुलीबद्दल सांगते. तिचं नाव सांगत नाही, तिला ते आवडायचं नाही.

त्या कोड्यानंतर पंधराएक दिवसांनी ती शाळेत यायचीच बंद झाली. एक दिवस, दोन दिवस, तिसरा दिवस. मी तिच्या वस्तीत गेले. दारात तिची आई बसली होती. उजव्या हाताला भलंमोठं बँडेज. तळव्याला सात टाके पडले होते. मुलगी घरात भाकऱ्या थापत होती.

तिची आई घरोघरी जाऊन कचरा गोळा करते. मग तो निवडते. कागद, पुठ्ठा, पत्रा, काच, कडक प्लास्टिक, दुधाच्या पिशव्या असं सगळं वेगवेगळं करून भंगारच्या दुकानात विकते. कुणीतरी भाजीच्या देठांबरोबर, शिळ्या भाताबरोबर फुटलेली काच पिशवीत तशीच कोंबली होती. पिशवीत हात घातला आणि तळवा चिरला.

“किती दिवस काम बंद?” मी विचारलं.

“डाक्टर म्हणतात, पंधरा दिवस. आमाला कचऱ्याची किळस नाही बाई. काचेची भीती वाटते.”

मी घरी आले. पण मनातून ते जाईना. कारण मुलांनो, खरं सांगायचं तर, गेल्याच महिन्यात माझ्या घरी भिंतीवरची तसबीर पडून फुटली होती. मी काचा केरसुणीने गोळा केल्या आणि ओल्या कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या. गाठ मारली, दाराबाहेर ठेवली, हात धुतले, झालं! पुढे त्या पिशवीत कुणाचा हात जाणार आहे, हा विचार माझ्या, मुलांना शिकवणाऱ्या बाईच्या, डोक्यात आला नव्हता. त्या माउलीला लागली ती काच माझ्या घरची नव्हती, कारण ती आमच्या भागात येत नाही. पण आमच्याकडे येणाऱ्या बाईचं काय झालं असेल? मी कधी विचारलंसुद्धा नव्हतं.

तेव्हा मला कळलं. गोल रस्ता तुटतो तो कारखान्यात नाही. तो आपल्या ओट्याखालच्या डब्यापाशी तुटतो! कोरडा कागद आमटीत भिजला की त्याला भाव नाही. बाटलीत उष्टं सांडलं की ती बाटली गेली. आणि तुटलेला तो रस्ता पुन्हा जोडतं कोण? तर अशी माणसं, स्वतःच्या हातांनी.

मावशी वर्गात आल्या

पुण्यात कचरावेचकांनी १९९३ साली आपली संघटना उभी केली. तिचं नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. डॉ. बाबा आढाव यांच्यासारखे कष्टकऱ्यांचे नेते त्यांच्यासोबत होते. या कामात बहुतेक स्त्रियाच. लोक त्यांना चोर समजायचे, हाकलून द्यायचे. संघटना झाल्यावर त्यांना ओळखपत्रं मिळाली. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून ती महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करू लागली. वापरलेली डायपर, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे आमचा हात त्यात जाणार नाही, एवढंच त्या लोकांना सांगतात. फार मोठं मागणं आहे का हे?

हेडसरांना विचारून मी त्या मुलीच्या आईला वर्गात बोलावलं. हात बरा झाल्यावर त्या आल्या. आधी लाजल्या. मग मी टेबलावर दोन पिशव्या रिकाम्या केल्या आणि म्हटलं, “ताई, आता तुम्ही बाई आणि मी विद्यार्थिनी.”

काय झटपट हात चालत होते! प्लास्टिक नुसतं चुरगाळायचं, त्याचा आवाज ऐकायचा आणि बाजूला टाकायचं. मुलं आ वासून बघत होती. “मावशी, हे कसं ओळखलं?” “मावशी, याला किती पैसे मिळतात?” प्रश्नांची नुसती सरबत्ती. शेवटी मावशींनी एक दुधाची पिशवी हातात घेतली आणि सांगितलं, “हिचा कोपरा कापून टाकू नका. अर्धवट कापा, लटकता ठेवा. तो इवलासा तुकडा कुणालाच सापडत नाही. गटारात जातो, नाहीतर गाईच्या पोटात.”

त्या दिवशी फिस्सकन हसलेली मुलंच सर्वांत पुढे बसली होती. एकजण मधल्या सुट्टीत त्या मुलीजवळ जाऊन काहीतरी पुटपुटला. काय, ते मी विचारलं नाही. पण दोघांनी मिळून पेरू खाल्ला, एवढं मी पाहिलं.

करून बघा

आमच्या वर्गाने काही गोष्टी सुरू केल्या. तुम्हीही करून बघा.

१. घरी तीन डबे ठेवा. ओला, सुका आणि धोक्याचा. ‘घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६’ यांत अशा तीन वाटण्या सांगितल्या होत्या. धोक्याच्या डब्यात जुन्या बॅटऱ्या, बल्ब, औषधं. मोबाइलची बॅटरी कधीही उघडायची नाही, टोचायची नाही. तिचा भडका उडतो. जुनी उपकरणं मोठ्या माणसांबरोबर जाऊन ई-कचरा केंद्रातच द्यायची.

२. काच फुटली तर स्वतः हात लावू नका, मोठ्यांना सांगा. काचा जाड कागदात गुंडाळायच्या, वर ठळक अक्षरांत ‘काच’ लिहायचं आणि पिशवी वेगळी द्यायची. हे लिहिण्याचं काम मात्र तुमचं!

३. भोकं पाडलेला जुना माठ किंवा बादली घ्या. तळाशी वाळकी पानं, वर भाजीची देठं आणि साली, वर मूठभर माती. पुन्हा पानं, पुन्हा साली. पिळलेल्या फडक्याइतकी ओल ठेवा. आठवड्यातून एकदा काठीने वरखाली करा. दोन-तीन महिन्यांत काळंभोर, पावसाळी मातीचा वास असलेलं खत तयार! वास घाण आला तर समजा, ओल जास्त झाली. वाळकी पानं घाला.

४. परीक्षा संपली की वह्यांतली कोरी पानं काढून, शिवून नवी वही करा. आमच्या वर्गाने गेल्या जूनमध्ये अशा २७ वह्या शिवल्या. काहींची पानं वाकडी झाली. चालायचंच!

५. पेन घेताना दुकानदाराला विचारा, “काका, याची रिफिल मिळते का?” नसेल मिळत, तर दुसरं घ्या. शाईचं पेन असेल तर उत्तमच. मुलं विचारू लागली की दुकानदार रिफिली ठेवू लागतो. आमच्या शाळेसमोरच्या काकांनी ठेवल्या!

एवढ्याने सगळं जग बदलेल का? नाही. वस्तू लवकर बिघडतील अशा बनवणाऱ्यांनी आणि न सुटणारी पाकिटं बनवणाऱ्यांनीही बदलायला हवं. तसे कायदे हवेत. मोठे झालात की तुमच्यातलेच कुणी इंजिनिअर होतील, कुणी कारखाना काढतील, कुणी कायदे करतील. वस्तू बनवताना ‘हिचं पुढे काय होणार?’ हा प्रश्न तेव्हा विसरू नका म्हणजे झालं.

आणि मोठं होईपर्यंत? आपला डबा तर आजच आपल्या हातात आहे.

जाता जाता परवाची गंमत सांगते. शाळेत चहासाठी मी दुधाची पिशवी कापत होते. घाईत कोपरा तुटून खाली पडला. मागून आवाज आला, “बाऽई!”

तीच होती. मागच्या बाकावरची. (आता ती दुसऱ्या बाकावर बसते.) कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आईने काय सांगितलं होतं?”

मी निमूटपणे वाकले आणि टेबलाखाली तो एवढासा तुकडा शोधू लागले.